वल्ह्यावर कोरलेला नारळ

१५ ऑगस्ट २००० रोजी, मंगळवारी, वसईच्या पाचूबंदरात झेंडावंदन आणि नारळी पौर्णिमा एकाच दिवशी आली. सकाळी शाळेच्या पटांगणात झेंडा वर गेला, संध्याकाळी धक्क्यावरून नारळ पाण्यात गेला. मधल्या वेळात वैजयंती नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलीनं एका मोडक्या वल्ह्याच्या दांड्यावर सुरीनं लहानसा नारळ कोरला.

मी तिथं होतो. मी एका वर्तमानपत्रात मजकूर तपासायचो आणि आम्हा पेपरवाल्यांना त्या दिवशी सुट्टी असते. उमेळ्यातल्या घरून स्कूटरवर निघालो तेव्हा रस्त्यावरच्या मुलांच्या खिशांना कागदी झेंडे टोचलेले होते. पाचूबंदरात पोचलो तर तेच झेंडे होड्यांच्या टोकांवर, झेंडूच्या माळांच्या मध्ये खोचलेले. ओल्या रंगाचा, माशाच्या तेलाचा आणि घराघरांत शिजणाऱ्या नारळीभाताचा वास एकात एक मिसळला होता. अजूनही ऑगस्टात किनाऱ्यावरच्या होड्यांना रंग लागायला लागला की मला आधी तो वास आठवतो, मग ती वल्ह्याची काठी.

वैजयंती हरेश्वरबाबांची मुलगी. बाबांची एक होडी होती. आई, जनाबाय, वसईच्या बाजारात मासळी विकायची. वैजयंती प्राचीन इतिहासात एम.ए. करत होती आणि एका पेपरऐवजी तिनं प्रबंधिका घेतली होती. विषय होता रून लिपी: उत्तर युरोपातल्या जर्मानिक टोळ्यांनी, म्हणजे आजच्या जर्मन, डॅनिश, स्वीडिश, इंग्रज लोकांच्या पूर्वजांनी, लॅटिन अक्षरं अंगवळणी पडण्याआधी वापरलेली अक्षरं. आमची ओळख वसईच्या वाचनालयातली. प्रबंधिका मराठीत होती आणि तिला भाषा तपासणारा माणूस हवा होता. "दादा, तुम्ही पेपरात कापाकापी करता ना? माझं पण कापा," असं ती म्हणाली होती.

मी कापलं. पहिल्याच पानावर "गूढ" हा शब्द चार वेळा आला होता. मी चारही ठिकाणी रेघ मारली. ती भांडली. रून या शब्दाचाच जुना अर्थ रहस्य, कुजबुज असा आहे, हे तिनं पुराव्यासकट दाखवलं. मी एक "गूढ" परत दिला.

तिच्या मार्गदर्शक सरांना हा विषय पसंत नव्हता. "वसईची मुलगी, आणि किल्ल्यावर लिहिणार नाही?" ते विचारायचे.

"सर, किल्ल्यावर सगळेच लिहितात."

"कारण तो समोर आहे. तुझी ती अक्षरं तू कधी डोळ्यांनी बघितलीयेस का?"

बघितली नव्हती. तिच्याजवळ होत्या मुंबईच्या ग्रंथालयातून आणलेल्या झेरॉक्स प्रती. त्यातले फोटो इतके काळे होते की दगड कुठला आणि सावली कुठली ते कळत नसे. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक येणार आणि हाच प्रश्न विचारणार, असं सरांनी सांगून ठेवलं होतं.

घरानं तिला एक मोसम दिला होता. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातात तेव्हापासून त्या परत किनाऱ्यावर ओढल्या जातात तोपर्यंत. वसईच्या एका ज्युनिअर कॉलेजात इतिहासाची जागा रिकामी होणार होती, जूनपर्यंत एम.ए. हवं होतं. जनाबायनं हिशेब साफ ठेवला होता. "पास झाली तर कॉलेजात शिकवंल. नाय झाली तर माज्या बाजूला पाट टाकून बसंल. दोन्हीकडं वरडायचंच हाय." मासळी विकायची वैजयंतीला लाज नव्हती, शाळेत असल्यापासून ती सुट्टीच्या दिवशी बाजारात बसत आली होती. पण तिला शिकवायचं होतं. घरात ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी मोठ्यानं बोलत नसे.

रून तिला भेटली ती घरच्याच खुणेमुळे. पाचूबंदरात जाळं तरंगत ठेवणाऱ्या लाकडी बोयांवर, वल्ह्यांवर, मासळीच्या टपांवर प्रत्येक घराची खूण कोरलेली असे. समुद्रात सगळ्यांचं सामान एकमेकांत मिसळतं, परत येताना ज्याचं त्याला मिळावं म्हणून. हरेश्वरबाबांच्या घरची खूण म्हणजे दोन उभ्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक तिरकी. एम.ए.च्या पहिल्या वर्षी एका पुस्तकातल्या रूनच्या तक्त्यात तिला हुबेहूब तेच चिन्ह दिसलं. उच्चार ह. नाव गारा, आभाळातून पडतात त्या.

"ह हरेश्वरचा!" शेजारच्या सिसिलबाय ओरडल्या. सिसिलबाय ख्रिस्ती कोळीण, सुकी मासळी विकायच्या आणि संध्याकाळी जनाबायच्या ओट्यावर बसायच्या. "हरेश्वरा, तुजे पनजोबा तिकडनं आले काय रं बोटीनं?"

"ते कशाला येतील," हरेश्वरबाबा म्हणाले. "आपली खून चोरून नेली त्यांनी."

वैजयंती मात्र ठाम होती. योगायोग. सुरी आणि लाकूड जिथं जिथं भेटतात तिथं असेच आकार निघतात. हे तिनं वाचलं होतं, पण त्या मोसमात ते तिनं हातानं करून पाहिलं. मोडक्या वल्ह्याचा दांडा बाबांनी दिला. आडव्या धरलेल्या दांड्यावर लाकडाच्या शिरा आडव्या धावतात. त्यांना छेदणारी उभी रेघ ठसठशीत उमटते, तिरकीही उमटते. आडवी रेघ शिरेबरोबर जाते आणि हरवते, नाहीतर लाकूड चिरतं. म्हणून रूनमध्ये आडव्या रेघा जवळजवळ नाहीत. पहिल्या आठवड्यात तिच्या अंगठ्याला तीन चिंध्या होत्या आणि चेहरा लखलखीत.

सप्टेंबर आला. बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातले गेले. उन्हात ते आधी काचेसारखे दिसायचे, मग कागदासारखे. त्यांच्या सावलीत ओटा, ओट्यावर काठी, आणि काठीभोवती माणसं. माझ्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस तिकडेच जाऊ लागला. वैजयंती कोरत कोरत सांगायची आणि कोळीवाड्यातली माणसं तिला मध्येच थांबवायची. शिकवण्याचा तिचा सराव तिथंच झाला असावा.

ती सांगायची की ही लिपी कुणी केली ते माहीत नाही. आल्प्सच्या बाजूच्या जुन्या इटालियन अक्षरांशी आणि रोमन अक्षरांशी तिचं नातं दिसतं. उत्तरेकडचा कुणीतरी रोमन सैन्यात राहिला असेल, किंवा व्यापाराला गेला असेल, आणि घरी येऊन त्यानं आपल्या बोलीतल्या आवाजांसाठी अक्षरं बसवली असतील. एकटा होता की बरेच होते, तेही सांगता येत नाही. क्रम मात्र रोमन नाही. आपण अआइई म्हणतो तसं ते पहिल्या सहा आवाजांवरून फूथार्क म्हणत. मूळची अक्षरं चोवीस, प्रत्येकाला नाव: गुरं, गारा, सूर्य, घोडा.

"मासा नाय?" सिसिलबायनी विचारलं.

"मासा नाही. पाणी आहे."

"मंग पानी हाय म्हंजे मासा आलाच. ते लोक आळशी, दोनदा कोन लिवनार!"

खूप जुन्या सापडलेल्या वस्तूंपैकी एक फणी आहे, डेन्मार्कच्या दलदलीत निघालेली. तिच्यावर एकच शब्द कोरलेला, बहुधा एका माणसाचं नाव. यावर चर्चा लांबली. फणीवर नाव कशाला, असा प्रश्न होता. जनाबायनं निकाल दिला की ज्या घरात चार पोरी असतील त्या घरात फणीवर नाव लागतंच.

या लिपीनं मंत्रही लिहिले गेले. वैजयंती ते लपवत नसे. तलवारींवर, ताइतांवर न कळणारी अक्षरं आहेत. थडगी आहेत, मोठाले दगड आहेत, अमक्यानं बापाच्या आठवणीत उभा केला असं सांगणारे. पण तिला आवडायच्या त्या नॉर्वेतल्या बर्गन बंदरातल्या काठ्या. गोदामांना आग लागली, जळलेल्या जागी खोदकाम झालं आणि खालच्या चिखलातून शेकडो वर्षांपूर्वीच्या लाकडी चिठ्ठ्या निघाल्या. ही गोणी अमक्याची. इतका माल पाठवला. आणि एकीवर, एका बाईचा निरोप, की घरी ये.

"दारूच्या गुत्त्यात बसला असंल," जनाबाय म्हणाली.

"तसंच वाटतं अभ्यासकांना," वैजयंती म्हणाली.

"त्याला अभ्यास कशाला लागतो गो?"

हसण्यानं बोंबलांवरचे कावळे उडाले. मी प्रबंधिकेत त्या भागाला हात लावला नाही.

वल्ह्याची काठी ही तिची स्वतःची कल्पना. स्वीडनमध्ये शेतकरी लाकडी काठीवर वर्षाचं कॅलेंडर कोरत. दर दिवसाला एक खाच, वारांसाठी सात रून ओळीनं पुन्हा पुन्हा, आणि सणांपाशी लहान चित्रं. छापील कॅलेंडर आल्यावरही कित्येक घरांत ही काठी चालू होती. दुसऱ्या देशांत काठीची एक बाजू हिवाळ्याची, एक उन्हाळ्याची असे. पाचूबंदरच्या काठीची एक बाजू समुद्राची झाली आणि एक किनाऱ्याची. परीक्षकानं विचारलं की तू ही अक्षरं कधी बघितलीस, तर ती काठी पुढं करणार होती.

सण कोरायला अख्खा वाडा होता. भिंतीवरचं दोन हजार सालचं छापील कॅलेंडर खाली काढून मांडीवर घेतलेलं. सिसिलबायनी आठ सप्टेंबर सांगितला, मारियामाउलीचा वाढदिवस, तिथं फूल कोरलं गेलं. नाताळला तारा. पंधरा ऑगस्टला नारळ होताच. शिमग्याला, एकोणीस मार्चला, होळीच्या ज्वाळा. होड्या ओढायच्या दिवशी उलटी होडी. "ईस्टर कुठं घालू?" वैजयंतीनं विचारलं. सिसिलबाय म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे बाय, ते हलतं." ईस्टर राहिला. त्या वाक्यात काय होतं ते त्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, आणि वाक्यं तपासणं हे माझं काम होतं.

झेरॉक्सच्या चित्रात काठीवर चिन्हांची आणखी एक ओळ होती, एकोणीस वेगवेगळ्या चिन्हांची, विस्कटल्यासारखी पसरलेली. खालची टीप फोटोकॉपीत कापली गेली होती. वैजयंतीनं त्या ओळीबद्दल प्रबंधिकेत "बहुधा सजावट" असं लिहिलं आणि काठीवर ती घेतली नाही. जागाही नव्हती.

नाताळात पापडीच्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंच्या वाड्यांमध्ये कागदी तारे दिसत. त्या वर्षी सिसिलबायच्या दारातल्या ताऱ्यावर रूनमध्ये त्यांचं नाव होतं. लोक विचारायचे, ही कुठली भाषा. त्या सांगायच्या, "सुरीची."

९ मार्च २००१, शुक्रवार. होळी पेटली. एरंडाच्या फांदीला नारळ बांधलेला, ढोल तापवलेले, लुगड्यांचे काठ एकसारखे. वैजयंतीही नाचत होती. हरेश्वरबाबा हातात काठी घेऊन आले. ते ती का घेऊन आले होते ते मला आधी कळलं नाही. त्यांनी ती जाळाच्या उजेडात धरली आणि खाचा मोजल्या.

"वैजू, तुज्या काठीत शिमगा अजून धा दिवसांनी हाय. हे काय करायचं? विझवू काय? थांबतो तवर."

सगळे हसले. मग वैजयंती हसायची थांबली.

चूक साधी होती आणि तिथल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर झाली होती. त्या वाड्यात कुणीही झोपेत सांगितलं असतं की शिमगा आणि नारळी पौर्णिमा चंद्रावर चालतात, तारखेवर नाही. उधाण आणि भांग, भरतीचं मोठं आणि लहान पाणी, ही माणसं चंद्रावरूनच ओळखत होती. पण भिंतीवरचं कॅलेंडर मांडीवर घेतलं तेव्हा सगळ्यांनी आनंदानं तारखा सांगितल्या. कागदाचं कॅलेंडर वर्षाच्या शेवटी फेकलं जातं, त्यामुळे त्याची चूक कुणाला दिसत नाही. लाकूड फेकलं जात नाही. तोंडी परीक्षेला सहा-सात आठवडे उरले होते आणि तिच्या हातातला एकमेव पुरावा चुकीचा होता.

सर तिला काय म्हणाले ते तिनं नंतर सांगितलं. "घासून टाक. नाहीतर काठी आणूच नकोस."

पण ते नंतर. त्या संध्याकाळी ती होळीजवळच काठी मांडीवर घेऊन बसली होती, आणि हरेश्वरबाबांना वाईट वाटलं होतं. आपण थट्टा करायला नको होती, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तिला बरं वाटावं म्हणून ते काहीबाही बोलत राहिले.

"अगो, नारळ तरी बरोबर होता ना? झेंडा नि नारळ एका दिवशी. असं काय नेमी येत नाय. आपली होडी उतरवली तवा आलं होतं, नि मंग गेल्या साली."

"होडी कधी उतरवली?"

"तू पाळन्यातनं उठून चालायला लागली होतीस. साल होडीवरच हाय की."

ती उठली आणि किनाऱ्याकडे चालू लागली. आम्ही मागोमाग गेलो. होडीच्या पुढच्या टोकावर, दर ऑगस्टात नव्यानं गिरवलेलं साल होतं: १९८१. झेंडा आणि नारळ एक्याऐंशी साली, झेंडा आणि नारळ दोन हजार साली. वैजयंतीनं वजाबाकी तोंडी केली आणि बाबांच्या दंडाला धरलं.

"एकोणीस," ती म्हणाली. "बाबा, एकोणीस."

"मंग?"

"मग ती सजावट नाही!"

दर एकोणीस वर्षांनी चंद्र जवळजवळ त्याच तारखांना परत येतो. काठी कोरणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी एकोणीस वर्षांना एकोणीस रून दिल्या, वर्षाला एक. यंदाची रून ज्या ज्या दिवसापाशी कोरलेली, त्या त्या दिवशी अमावास्या. पुढच्या वर्षी पुढची रून पाहायची. एकोणीस संपल्या की पुन्हा पहिली. ईस्टर हलतो, तो शोधायलाही हीच ओळ. स्कँडिनेव्हियात तोवर चोवीस अक्षरांची सोळा झाली होती. चंद्राला सोळा पुरेनात, म्हणून त्यांनी आणखी तीन चिन्हं केली. लिहिण्यासाठी अक्षरं कमी केलेल्या लोकांनी आकाशासाठी ती वाढवली. धुळवड आणि रविवार उलटल्यावर ती मुंबईला ग्रंथालयात गेली आणि कापली गेलेली टीप मूळ पुस्तकात वाचून आली. त्यात हेच होतं.

त्यानंतरचे आठवडे माझ्या आठवणीत लाकडाच्या भुशाचे आहेत. देवळातल्या गुरवानं जुनी पंचांगं दिली. सिसिलबाय तारखा वाचायच्या, जनाबाय बाजारातून आली की पाय पसरून पडताळा घ्यायची, वैजयंती कोरायची. तिकडच्यांनी अमावास्या घेतली होती, तिनं पौर्णिमा घेतली, कारण इथले सण पौर्णिमेचे. तोंडी परीक्षेपर्यंत ऑगस्ट ते डिसेंबर एवढीच ओळ झाली. नारळापाशी आलेलं चिन्ह दोन हजार सालचं होतं. ते होतं ह, जुन्या चोवीस अक्षरांतल्या आकारात: दोन उभ्या रेघा आणि एक तिरकी. एकोणीस चिन्हं कोणत्या वर्षापासून मोजायची ते तिच्या हातात होतं आणि घरची खूण नारळापाशी यावी अशा बेतानं तिनं ती मोजली. प्रबंधिकेत तिनं तसं स्पष्ट लिहिलंही. मी ते वाक्य ठेवलं.

तिनं काही घासलं नाही. एकोणीस मार्चच्या ज्वाळा तशाच राहिल्या. प्रबंधिकेत एक प्रकरण वाढलं. त्यात चूक कशी झाली, होळीच्या दिवशी कशी दिसली आणि ती दिसल्यामुळे ती ओळ काय आहे ते कसं कळलं, एवढंच होतं. सरांनी ते वाचून परत दिलं तेव्हा त्यावर एकही लाल रेघ नव्हती. "किल्ल्यावर असं लिहिता आलं नसतं," ते म्हणाले.

तोंडी परीक्षा एप्रिलच्या शेवटी झाली. परीक्षक पुण्याहून आलेल्या एक बाई होत्या. मी बाहेर बाकावर होतो, जनाबाय बाजूला, बाजार सोडून आलेली, कडक इस्तरीच्या लुगड्यात. दार अर्धं उघडं होतं. बाईंनी काठी बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली. मग बोट ठेवलं.

"हा शिमगा चुकलाय."

"हो."

"आणि हा नारळ?"

"तो दोन हजार सालापुरता बरोबर होता. आता ऑगस्टात चुकेल. चार ऑगस्टला येतोय."

"मग पुन्हा कधी बरोबर येईल?"

"दोन हजार एकोणीस साली. एखादा दिवस इकडेतिकडे होऊ शकतो."

बाई हसल्या. "तोवर मी रिटायर. तुम्हीच बघून ठेवा."

"म्हंजे झाली काय पास?" जनाबायनं मला विचारलं. तिच्या मानानं ते कुजबुजणं होतं. आतून सरांसकट तिघांच्या हसण्याचा आवाज आला.

निकाल जूनमध्ये लागला. वैजयंती पास झाली. कॉलेज सुरू झालं त्या दिवशी ती वर्गात गेली, आणि फळ्यावर तिनं पहिल्यांदा काय काढलं ते तिच्या विद्यार्थ्यांनी मला पुढं अनेकदा सांगितलं आहे: दोन उभ्या रेघा आणि एक तिरकी. त्या वर्षीही होड्या नेहमीसारख्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या. जनाबायच्या बाजूची पाटाची जागा सिसिलबायनी घेतली.

काठीवरची चंद्राची ओळ पूर्ण व्हायला आणखी दोन मोसम लागले. काठी हरेश्वरबाबांच्या दारावर टांगलेली असते. दर वर्षी नारळी पौर्णिमेला कुणीतरी ती खाली काढतं, यंदाचं चिन्ह शोधतं आणि खाचा मोजतं. मधल्या काळात उमेळ्यातल्या माझ्या खिडकीसमोरची वाडी गेली आणि तिथं इमारत आली. लाकडी बोये जाऊन प्लॅस्टिकचे आले, त्यांच्यावर खूण रंगानं काढतात. आकार बदललेले नाहीत.

२०१९ साली होळी वीस मार्चला पेटली. काठीवरचा शिमगा एका दिवसानं चुकला.

१५ ऑगस्ट २०१९, गुरुवार. सकाळी शाळेच्या पटांगणात झेंडा वर गेला. संध्याकाळी वैजयंतीनं काठी धक्क्यावर आणली. सिसिलबायनी ऑगस्टच्या खाचा मोजल्या. पंधराव्या खाचेवर नारळ होता. हरेश्वरबाबांनी हातातला नारळ पाण्यात सोडला.